सांध्यावरचं गाव : कुर्डुवाडीच्या घडणीविषयी

सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवरच्या जुन्या गावांना आपण का वसलो, हे सांगता येतं. परंड्याला किल्ला आहे. सोनारीला काळभैरवनाथ आहे, त्याची चैत्रातली यात्रा आहे. बार्शीला भगवंताचं देऊळ आहे आणि त्याच्याभोवती वाढलेली कापसाची आणि धान्याची पेठ आहे. पंढरपूरचं तर बोलायलाच नको. कुर्डुवाडीपाशी यातलं काहीच नव्हतं. किल्ला नाही, जागृत म्हणून दूरवर नाव झालेला देव नाही, जुनी पेठ नाही. माढा तालुक्यातल्या उघड्या माळावर आगगाडी थांबली, आणि पुढे चाळीस वर्षांनी तिच्या शेजारी दुसरी, निम्म्याहूनही अरुंद रुळांची गाडी येऊन उभी राहिली. या दोन गाड्यांच्या मधल्या फलाटावर हे गाव उभं राहिलं. पुढची प्रकरणं त्या फलाटाची हकिकत सांगतात.

रेल्वेनं वसवलेल्या गावांच्या गोष्टी जगभर सांगितल्या जातात, आणि त्यातल्या सर्वांत गाजलेल्या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या आहेत. नेवाडातल्या कॉमस्टॉक इथे १८५९ साली चांदी सापडल्याची वार्ता फुटली आणि ओसाड डोंगरात बघता बघता शहर उभं राहिलं. दहा वर्षांनी, १८६९ च्या मे महिन्यात, युटामध्ये पूर्व-पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले आणि अशा गावांची रांगच लागली. खाण लागली की रूळ येतात, रूळ आले की दुकान, दारूगुत्ता, शाळा आणि शेवटी नगरपालिका येते, असा त्या गोष्टींचा क्रम. महाराष्ट्रात या क्रमानं घडलेलं गाव बघायचं तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला जावं लागेल. तिथे १८७१ च्या सुमारास सरकारी कोळशाची खाण सुरू झाली, त्या कोळशासाठी वर्ध्याहून रूळ आले, आणि १९०६ मध्ये खाण बंद झाली.

आपल्याकडे मात्र पायाखाली काळा पाषाण. दख्खनच्या या पठारावर खणलं तर खडी निघते, चांदी नाही आणि कोळसाही नाही. मग कुर्डुवाडीची खाण कोणती? माझं उत्तर असं आहे, आणि ते मी जपूनच पण ठामपणे मांडतो : दोन रुळांच्या रुंदीतला फरक हीच कुर्डुवाडीची खाण होती. मोठ्या गाडीचे रूळ एकमेकांपासून १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. लहान गाडीचे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. एका गाडीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालणं अशक्य. म्हणून आलेला प्रत्येक दाणा, प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं, प्रत्येक वारकरी इथे उतरायचा आणि पुन्हा चढायचा. त्या चढ-उतारातून मजुरी निघाली. मजुरीतून चाळी उभ्या राहिल्या, चाळींतून गाव.

या गावाची सुरुवात १८९७ पासून, म्हणजे लहान गाडी आली तेव्हापासून, सांगण्याची पद्धत आहे. ती १८५९ पासून सांगायला हवी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लाइन १८५८ मध्ये पुण्याहून भीमेकाठच्या डिकसळपर्यंत आली होती. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती इथवर पोचली आणि स्टेशनला नाव मिळालं बार्शी रोड. बार्शी इथून एकवीस मैलांवर, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. स्टेशन ज्या गावाच्या नावानं ओळखलं जात होतं ते गाव एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरावर, आणि ज्या शिवारात ते उभं होतं त्याचं नाव पाटीवर नाही. कंपनीच्या दृष्टीनं इथे गाव नव्हतंच. बार्शीचा माल पकडण्याची ती एक जागा होती. १८६० च्या जूनमध्ये रूळ सोलापूरला गेले आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून येणाऱ्या लाइनला मिळाले.

इथे एक बाब नीट लक्षात घ्यावी. १८५९ मध्ये बार्शी रोडला गाडीत भरलेला माल सरळ मुंबईला जात नव्हता. बोरघाट अजून फोडून व्हायचा होता. घाटमाथ्यावर खंडाळ्याला माल उतरायचा, बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या खांद्यांवरून घाट उतरायचा, पायथ्याला पुन्हा गाडीत भरायचा. हजारो मजुरांनी बोगदे आणि पूल पुरे केले तेव्हा, १८६३ च्या एप्रिलमध्ये, ही तूट सांधली गेली. म्हणजे या लाइनीच्या जन्मापासूनच माल उतरवणारी आणि चढवणारी माणसं तिचा भाग होती. अभियंत्यांच्या चरित्रांत त्यांची दखल एखाद्या आकड्यापुरती असते. रुळांचा इतिहास लिहिताना पुलांच्या कमानी मोजल्या जातात आणि ओझी वाहणारे खांदे मोजायचे राहतात, याची मला मनापासून खंत वाटते.

दुसरी बाब सीमेची. स्टेशन उघडलं त्या वर्षी नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामाकडे नव्हता. १८५३ च्या तहानं वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर तो इंग्रजांच्या ताब्यात गेला होता, आणि काही वर्षं त्याचा कारभार मेडोज टेलर या, ठगांवरच्या कादंबरीमुळे आधीच गाजलेल्या, अधिकाऱ्यानं पाहिला होता. १८६० मध्ये दुआब आणि हा मुलूख निजामाला परत मिळाला. आगगाडी दारात आली आणि पाठोपाठ दार दुसऱ्या राज्यात गेलं. पुढची ८८ वर्षं, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत, सीनेच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे इंग्रजांचं, ही आमच्या सोनारी-परंडा भागाची रोजची वस्तुस्थिती होती.

सोनारी-परंड्याच्या बाजूनं पाहिलं तर तिचा अर्थ नीट कळतो. ज्वारी, करडई किंवा कापूस घेऊन निघालेल्या गाडीवानाला आधी सीना ओलांडायची. पावसाळ्यात ती दिवसेंदिवस अडवून ठेवी. मग करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. पलीकडे गेल्यावर पैसा बदलायचा, कारण घरी चालतो तो निजामाचा हाली रुपया आणि पलीकडच्या आडत्याकडे चालतो तो इंग्रजी कलदार. हाली रुपया कलदारापेक्षा कमी भरायचा, आणि बदलताना सावकाराचा बट्टा वेगळा. म्हणजे आगगाडीच्या धुराचा लोट दिसेपर्यंत शेतकऱ्याच्या मालातून तीन ठिकाणी काही ना काही कापलं गेलेलं असे. कुर्डुवाडीचा इतिहास तिच्या फलाटावर सुरू होत नाही. तो या नाक्यांवर सुरू होतो, असं माझं मत आहे.

या वाटेला अवजड ओझ्यांची सवय मात्र जुनी. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मलिक-ए-मैदान तोफ अहमदनगरला ओतली गेली, परंड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली गेली. तिचं वजन पंचावन्न टन सांगतात. ते धूड ज्या काळ्या चिकणमातीतून ओढून नेलं तिच्यातूनच कापसाच्या गाड्या जात होत्या, आणि पावसाळ्यात आसापर्यंत रुतत होत्या. आमच्या भागातली काळी माती पिकाला आई आहे आणि चाकाला वैरीण.

स्टेशन उघडल्यावर दोनच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला. मुंबईत कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले. त्या तेजीचा वारा बार्शीच्या पेठेपर्यंत आणि तिथून बालाघाटावरच्या गावांपर्यंत आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या बड्या पेढ्या बुडाल्या. पण एकदा वळलेली वाट वळलेलीच राहिली. बालाघाटावरचा कापूस बार्शीला आणि बार्शीचा कापूस बार्शी रोडला, हा ओघ कायम झाला.

दुसरा ओघ वारकऱ्यांचा. पंढरपूर इथून पन्नासएक किलोमीटर. मुंबई-पुण्याकडून येणारे यात्रेकरू बार्शी रोडला उतरून पुढे पायी किंवा बैलगाडीनं जात. आषाढी-कार्तिकीला या माळावर हजारो माणसं उतरायची आणि चार दिवसांनी तितकीच परत यायची. त्यांच्यासाठी पाणी, चारा, निवारा, शिधा यांची सोय करणारी माणसं स्टेशनाजवळ राहू लागली. यात्रेच्या दिवसांत पटकीची साथ आली की तीही याच वाटेनं गावोगाव जाई. वस्तीच्या पहिल्या रहिवाशांना कमाई आणि मरण दोन्ही एकाच गाडीतून येताना दिसत होतं.

१८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. रुळांनी धान्य आणलं हे खरं, आणि रुळांनी धान्य नेलंही. ज्या बाजारात पैसा जास्त तिथे दाणा जातो, आणि आगगाडीनं तो अधिक लवकर जाऊ लागला.

आता त्या माणसाकडे येतो ज्याच्यामुळे बार्शी रोडचं जंक्शन झालं. एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप, जन्म १८५७, इंग्लंडातल्या लिंकनशरचा. इंजिनांच्या कारखान्यांत शिकून तो १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेत इंजिनांचा निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला. लाइनीवर फिरताना त्याला दिसलं की मोठ्या रेल्वेच्या दोन्ही बाजूंना मुबलक माल आहे, पण तो आणायला रस्ते नाहीत, आणि तिथे साडेपाच फुटी रूळ टाकणं परवडणारं नाही. १८८६ मध्ये रजा काढून त्यानं अशा जोडमार्गांची पाहणी केली. त्यातला बार्शीचा मार्ग त्याच्या मनात बसला. पुढच्या वर्षी प्रस्ताव तयार झाला. नोकरी आणि हा ध्यास एकत्र जमेनात, आणि १८८९ मध्ये त्यानं नोकरी सोडली. सरकारशी करार व्हायला १८९५ उजाडलं. त्याच वर्षी लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली. एकवीस मैलांच्या लाइनीसाठी एक माणूस नऊ-दहा वर्षं झगडला. त्यानं कमाई पाहिली असेल, पाहिलीच असणार. तरीही एवढ्या चिकाटीला दाद द्यावी असं मला वाटतं.

कॅल्थ्रॉपचा खरा विचार तांत्रिक होता आणि तो साध्या शब्दांत सांगता येतो. त्या काळी अरुंद रूळ म्हणजे खेळण्यातली गाडी अशी समजूत होती. छोटे डबे, थोडा माल, हळू वेग. त्यानं हिशेब उलट्या बाजूनं मांडला. रूळ किती वजन पेलतो? तर हलका रूळ एका आसाखाली पाच टन पेलतो. मग लाइनीवरच्या प्रत्येक वाहनाचा, इंजिन असो की मालडबा, प्रत्येक आस पाच टनांपर्यंत भरायचा. त्याहून जास्त नाही, आणि मालाच्या डब्यात त्याहून फारसं कमीही नाही. चार आसांचा लांब डबा म्हणजे एकूण वीस टन. दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यामुळे डब्याचं स्वतःचं वजन कमी, म्हणून त्यात पंधराएक टन माल बसू लागला. तीस पौंडी रुळावर, म्हणजे एका यार्डाला तीस पौंड वजनाच्या रुळावर, हे साधलं. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधली. त्यांना वजन वाटून घेणाऱ्या ओढत्या चाकांच्या चार जोड्या होत्या, म्हणजे एकाही आसाखाली रूळ दबणार नाही. ही गाडी हिंदुस्थानात धाडण्याआधी लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून तिची चाचणी झाली, आणि ती पाहायला लष्करी अधिकारीही आले, कारण रणांगणावर झटपट टाकता येणारी रेल्वे त्यांना हवी होती.

बार्शी रोड ते बार्शी ही लाइन १८९७ मध्ये सुरू झाली. वर्ष पाहा. १८९६-९७ चा दुष्काळ आणि मुंबई-पुण्यातला प्लेग यांच्या ऐन मध्यावर हे बांधकाम झालं. पोट हातावर असलेली माणसं काम शोधत फिरत होती तेव्हाच इथे भराव पडत होता, खडी फुटत होती.

बार्शीच्या नमुन्यावर पुढे इंग्लंडातच स्टॅफर्डशरमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन १९०४ मध्ये उघडली, तीही अडीच फुटी आणि तीही कॅल्थ्रॉपच्याच देखरेखीखाली. तिथे त्यानं एक वेगळी सोय केली : अरुंद रुळांवर चालणारे खास वाहक डबे, ज्यांवर मोठ्या लाइनीचा अख्खा डबा चाकांसकट चढवता येई. माल उतरवण्याची गरजच संपली. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण माल हातानं बदलण्याला पर्याय नव्हता असं नाही. इंग्लंडात मजुरी महाग म्हणून युक्ती निघाली. कुर्डुवाडीत माणूस स्वस्त होता म्हणून माणूसच युक्ती ठरला. गावाच्या जन्माचं हे मूळ मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते सुखावणारं नाही.

माल बदलायचा म्हणजे काय करायचं? लांब फलाटाच्या एका अंगाला लहान गाडीचे डबे, दुसऱ्या अंगाला मोठ्या गाडीचे. मालबाबू कागदावर नग मोजतो. मुकादम टोळी लावतो. दाबलेल्या कापसाची मुंबईची गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे पावणेदोनशे किलोंच्या वर. ती एका माणसाच्या पाठीवर जात नाही. आकड्यांनी ओढत, कलती करत, दोघातिघांनी लोटायची. पंधरा टनांचा डबा नुसत्या वजनाच्या हिशेबानं पंच्याऐंशी गाठींचा. धान्याची पोती पाठीवरून. तेलाचे डबे जपून, गळले तर भरपाईचा वाद. मीठ, कापड, रॉकेल, लोखंड, यंत्रांचे भाग उलट दिशेनं. मिठाच्या पोत्यानं खांद्यावरची कातडी सोलते. उन्हाळ्यात फलाटाची फरशी तापते. मोठी गाडी वेळेत सुटायची असते, म्हणून काम घड्याळावर चालतं. घड्याळावर चालणारी मजुरी ही या भागातल्या माणसाला नवी होती. शेतावर दिवस उगवतीवर आणि मावळतीवर मोजला जाई. इथे तो पाळीवर मोजला जाऊ लागला.

या टोळ्यांत कोण होते? भूमिहीन, कोरडवाहू जमीन सावकाराकडे गेलेले, दुष्काळानं उठलेले, आणि गावकीच्या कामातून सुटू पाहणारे दलित समाजातले लोक. रेल्वेची वस्ती जातीपासून मुक्त होती असं मी म्हणणार नाही. पाणी कुणी कुठल्या नळावर भरायचं, चाळीत कोण कुणाच्या शेजारी, हे प्रश्न इथेही होते. पण बलुत्याच्या पेंढीऐवजी महिन्याचा किंवा आठवड्याचा रोख पगार हातात येणं याचा अर्थ ज्यांना मिळाला त्यांनाच कळला होता. पुढे १९४१ च्या फेब्रुवारीत याच लाइनीवरच्या कसबे तडवळ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. निजामाच्या राज्यात अशी परिषद भरवताना रुळांनी जोडलेलं गाव निवडलं जावं, हे मला स्वाभाविक वाटतं.

लाइन वाढत गेली तसं गाव वाढलं. १९०६ मध्ये पंढरपूरचा फाटा झाला, आणि वारीचा लोंढा बैलगाडीवरून लहान गाडीवर आला. त्याच वर्षी तिकडे वरोऱ्याची खाण बंद पडत होती. बार्शीच्या पुढे रूळ निजामाच्या हद्दीत शिरले, पांगरी, येडशी करत तडवळ्याला गेले, आणि १९११ मध्ये ढोकी, मुरुडवरून लातूरला पोचले. येडशीजवळ रामलिंगच्या रानातून बालाघाट चढणारी ही गाडी ज्यांनी पाहिली त्यांना तिच्या इंजिनाची धाप आठवते. लातूरची पेठ रुळांच्या आधीपासून जागी होती. १८९० च्या आसपास लोकमान्य टिळकांनी भागीदारांबरोबर तिथे कापसाचा जीन काढला होता, तेव्हा गाडी कुठेच नव्हती. ती आली तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. पण लातूरला आजचं लातूर केलं ते या अडीच फुटी रुळांनी, हे मान्य करायला हवं. शेवटचा मोठा टप्पा १९२७ चा : पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळवरून मिरज. त्याच वर्षी कॅल्थ्रॉप वारला. एकवीस मैलांची लाइन तोवर दोनशे मैलांची झाली होती, आणि तिच्या दोन्ही शाखा जिथे मोठ्या लाइनीला येऊन मिळत ते ठिकाण एकच.

इंजिनांना दुरुस्ती लागते, दुरुस्तीला कारखाना लागतो. कुर्डुवाडीच्या कारखान्यानं हमालांच्या वस्तीला कारागिरांचं गाव केलं. फिटर, बॉयलरवाले, लोहार, सुतार, लेथवरचे कामगार, फायरमन, खलाशी, सांधेवाले, गार्ड. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, उर्दू अशा भाषा एका चाळीत. फायरमनचा मुलगा ड्रायव्हर होतो, ही बढती गावात लग्न जमवताना मोजली जाऊ लागली. शिफ्टचा भोंगा आणि गाडीची वेळ यांवर घरातला स्वयंपाक ठरू लागला. पाण्याची ओढ मात्र कायम. वाफेचं इंजिन माणसाआधी पाणी पितं, आणि कोरड्या माळावर वसलेल्या गावात उन्हाळ्यात हा हिशेब कडू होतो.

सोनारीला रेल्वे आली नाही. परंड्यालाही नाही. धाराशिव शहराला आली ती रुंदीकरणाच्या वेळी, २००८ च्या आगेमागे, कारण जुनी लहान लाइन शहराला वगळून येडशीवरूनच जात होती. म्हणून आमच्या भागाचं रेल्वेशी असलेलं नातं कायम पाहुण्याचं राहिलं. आम्ही तिकडे गेलो, ती इकडे आली नाही. दुष्काळी सालात कामाला गेलेली माणसं, कारखान्यात चिकटलेला एखादा भाऊ, त्याच्या खोलीवर राहून शिकलेली पुतणी-भाचरं, भैरवनाथाच्या यात्रेला रजा टाकून येणारा चुलता आणि त्याच्या पिशवीतली शहरी मिठाई, असं हे नातं. कुर्डुवाडी ही सोलापूर जिल्ह्याची असली तरी परंडा तालुक्यातल्या अनेक घरांची ती पहिली नोकरी होती. तिचा इतिहास नगरपालिकेच्या हद्दीत मावत नाही, असं मी म्हणतो ते याच अर्थानं.

खाण संपण्याची वेळही आली. नव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत पंढरपूर, लातूर आणि मिरज या तिन्ही दिशांचे अरुंद रूळ उखडले गेले आणि रुंद रूळ पडले. लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मागणी केली होती आणि ती योग्यच होती. लातूरचा माणूस मुंबईला डबा न बदलता जाऊ लागला. धान्याचं पोतं मधे उतरेनासं झालं. प्रवाशाची सोय झाली त्याच क्षणी कुर्डुवाडीला थांबण्याचं मूळ कारण संपलं. खाण बंद पडली की गावाचं काय होतं, हा वरोऱ्याला १९०६ मध्ये पडलेला प्रश्न कुर्डुवाडीला शंभर वर्षांनी पडला. फरक एवढा की कुर्डुवाडीपाशी कारखाना होता, मोठ्या लाइनीवरचं जंक्शन होतं आणि तीन-चार पिढ्यांचं कौशल्य होतं. त्या बळावर गाव उभं आहे.

सर्वांत कमी माहीत असलेली आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी हकिकत कंपनीच्या अखेरीची आहे. केंद्र सरकारनं बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ पासून विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. त्याआधी कंपनीनं कामगारांना नोटिसा दिल्या : ३१ डिसेंबर १९५३ ला तुमची नोकरी संपते. बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासून रेल्वेनं कामावर घेतलं, पण नवी नेमणूक म्हणून. मग जुन्या कंपनीकडून कपातीची भरपाई मिळणार की नाही? त्याच वर्षी कपात केलेल्या कामगारांना भरपाई देण्याचा कायदा झाला होता. कामगार नेते के. एन. जोगळेकर यांच्या नावानं हा वाद चालला आणि सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९५६ च्या नोव्हेंबरात न्यायालयानं निकाल दिला की धंदा खरोखरच बंद झाला किंवा दुसऱ्या मालकाकडे गेला, तर त्याला कपात म्हणता येत नाही. कामगार हरले.

त्या निकालानं देशभरातल्या कामगारांची धास्ती वाढली, कारण कुठलाही मालक धंदा विकून किंवा बंद करून मोकळा होऊ शकला असता. १९५७ मध्ये संसदेनं औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती केली. मालकी बदलली किंवा धंदा बंद पडला तरी कामगाराला नोटीस आणि भरपाई मिळावी, अशी कलमं त्यात घातली गेली आणि ती पुढे हजारो कारखान्यांत लागू झाली. ही दुरुस्ती १९५६ च्या अखेरीपासून अमलात आली असं धरलं गेलं. बार्शी लाइटच्या कामगारांची नोकरी तुटली होती १९५३ च्या शेवटच्या दिवशी. त्यांच्यापर्यंत ती मागे गेली नाही.